लाकडाचे बयान

आमच्या दाजींइतका भरल्या ताटावरून हसत उठलेला माणूस अख्ख्या बालाघाटात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निजामाच्या अमलात धारूरच्या तहसील कचेरीत पेशकार होते. सगळे उर्दू कागद त्यांच्या हातून जायचे, आणि ते बाजारातून निघाले की दुकानदार गादीवरून उठून सलाम करायचे. अशा माणसाने एके दिवशी शेरवानी खुंटीला अडकवली, रूमी टोपी तिच्यावर टेकवली आणि घरासमोरच्या छपरात सुतारकाम मांडले. कारण विचारले तर म्हणाले, "इतकी वर्षं कागद पुढे सरकवले. एकावरही कुणाला टेकता आलं नाही."

मी त्याच कचेरीत कारकून. कुणी काहीही चुकले तरी त्यात आपला वाटा असणार, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. त्यामुळे दाजींनी नोकरी सोडली आणि झोप माझी उडाली. आक्काने मात्र दुसऱ्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "कुळकर्ण्याच्या घरात रंधा! कावून असं करायचं सुचलं तुमाला? तुमच्या हातची एक काडी या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई, सांगून ठेवते." दाजींनी मान तुकवली. "हुकूम मंजूर."

काम शिकवले गावच्या सुताराने, पण आधी अट घातली. "पेशकारसाब, नांगर, कुळव, गाडी आमच्या बलुत्याचं हाय. तिथं हात लावायचा न्हाई. बाकी काय बी करा." बाकी म्हणजे खुर्च्या आणि कपाटे. त्यांच्यावाचून धारूरचे आजवर काहीच अडले नव्हते. दाजी मात्र खूश. म्हणायचे, "ज्याची गरज नाही त्या मालात स्पर्धाही नाही."

धंदा बदलला तरी कचेरी त्यांच्या अंगातून गेली नाही. साधे स्टूल हवे म्हणून कुणी आला, तर आधी नाव, वडिलांचे नाव, राहणार कुठला, पेशा काय, हे सगळे विचारून घ्यायचे आणि मग पुढची तारीख द्यायचे. ओल्या फळ्या छपराच्या मागे सावलीत रचलेल्या असत. त्या जागेला ते हवालात म्हणत. एखादी फळी वाळताना वाकली की तिच्यावर हात फिरवून म्हणायचे, "हिचं बयान अजून बदलतंय. राहू द्या आतच." गिऱ्हाईक बिचारे जामीन मागायला आल्यासारखे हात जोडून उभे.

आणि मग ते पाटलांचे कपाट. सारा जन्म उजवीकडून डावीकडे लिहिण्यात गेलेला. दाजींची नजर लाकडावरही तशीच चालायची. त्यामुळे कपाटाचे दार उर्दू किताबासारखे उलट्या बाजूने उघडू लागले. पाटलांनी ते कोपऱ्यात ठेवले, तर दार भिंतीकडे तोंड करून अर्धेच उघडे. पाटलांना काही काढायचे तर खांद्यापर्यंत हात आत घालावा लागायचा. दाजींनी येऊन सगळे नीट पाहिले आणि म्हणाले, "पाटील, तुमची भिंत चुकलीय." पाटील म्हणाले, "पेशकारसाब, तुमी सरकारात होता तवा बी आमची कामं उलटीच व्हायची. पर तवा बोलायची सोय न्हवती." दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कपाट तिथेच राहिले.

माझी मात्र कोंडी व्हायची. छपरात बसलो की मी दाजींची बाजू घ्यायचो आणि ताक प्यायला स्वयंपाकघरात गेलो की आक्काची. परत जाताना दोघांनाही फसवल्यासारखे वाटायचे. त्यातच दाजींनी आक्कासाठी एक खुर्ची केली, चांगली रुंद, मांडी घालून बसता येईल अशी. आत न्यायला मनाई, म्हणून ती छपरातच ठेवली. आक्का अंगण झाडायची ती खुर्चीला वळसा घालून.

शेवटी आक्काने मलाच गळ घातली. "तहसीलदारांच्या कानावर घाल रे. घेतील परत." मी घातले. नवे तहसीलदार म्हणाले, जरूर यावे. निरोप घेऊन मीच गेलो. दाजींनी हातातला रंधा खाली ठेवला. आक्काकडे पाहिले. त्यांनी हत्यारे पुसली, गोणपाटात गुंडाळली, दोरी बांधली. मग आत जाऊन शेरवानी चढवून आले. ती आता दंडात बसत नव्हती. टोपीवरची धूळ झटकली आणि म्हणाले, "चला साळेबुवा."

मला जमीन पोटात घेईल तर बरे, असे झाले. आक्का उंबऱ्यात उभी होती. ती त्या गोणपाटाकडे बघत राहिली. मग तरातरा अंगणात उतरली, छपरात गेली आणि पदर सावरून त्या खुर्चीवर मांडी घालून बसली. एकदा इकडे, एकदा तिकडे झुकली.

"डुलती ही."

"डुलत नाही," दाजी म्हणाले.

"मी बसलेय का तुमी? लई डुलती. अशी अर्धी टाकून कचेरीत निघालात होय? आधी पाय नीट करा हिचा. आन् तू रे, काय बघत बसलास? जा, तहसीलदारांना सांग, पेशकारांना सवड न्हाई म्हणावं."

शेरवानी तशीच अंगात ठेवून दाजींनी दोरी सोडली.

त्यानंतर आक्काची भाजी छपरातच चिरली जाऊ लागली. ज्वारी तिथेच निवडायची, भांडणही तिथेच. आपला शब्द मात्र तिने मोडला नाही. दाजींच्या हातची काडी घरात गेली नाही.

गेल्या थंडीत आक्का गेली. परवा छप्पर एका बाजूने गळत होते, म्हणून मी म्हटले, "दाजी, आता तरी ही खुर्ची घरात घेऊ या. भिजून खराब होईल."

दाजींनी कोरड्या जागेत खुर्ची सरकवली, आपल्या धोतराच्या सोग्याने तिचा हात पुसला.

"हुकूम अजून कायम आहे," ते म्हणाले, आणि गळती बंद करायला शिडी शोधू लागले.