मालकाच्या हातचा नारळ

सत्यशीलानं डूख धरला होता, आणि तो लपवायची तिला कधी गरजही वाटली नाही. जालन्यात तिचं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तिथं येऊन बसणाऱ्या कुणालाही ती बिनदिक्कत सांगायची, "अण्णासाहेबांचं मशीन एक दिवस या टेबलावर येणार. येऊ द्या." लोक हसायचे. तिला मात्र हसू येत नसे.

अण्णासाहेब म्हणजे एमआयडीसीतल्या एका बियाणे प्लान्टचे मालक. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ऑफिसात पहिला संगणक घेतला आणि तो चालवायला सत्यशीलाला ठेवलं. तिचे वडील तातेराव तिथंच हमाली करायचे. पाठीवर पोतं घेऊन ऑफिसच्या खिडकीवरून जाताना पडद्यासमोर बसलेली लेक त्यांना दिसायची, आणि पोतं हलकं झाल्यासारखे ते झपाझपा पुढं जायचे.

प्लान्टवर दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. बियाणं चाळणाऱ्या यंत्रापासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार, हळदकुंकू, आणि वर नारळाचं पाणी. नारळ फोडायचा तो मालकानंच, दुसऱ्याच्या हातचा चालत नसे. आणि नवं यंत्र आलं असेल तर त्याला स्वतःचा वेगळा नारळ. लोखंडी धुडांना त्या पाण्यानं काही होत नाही, म्हणून कुणी कधी विचारही केला नव्हता.

सत्यशीलाचं घर बौद्ध. त्यांचा दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस. संगणकाच्या पहिल्याच दसऱ्याला ती पांढरी साडी नेसून विहारात गेली होती. दुसऱ्या दिवशी कामावर आली, संगणकावरचा हार बाजूला ठेवला आणि बटण दाबलं. आतून चट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि मशीन कायमचं बसलं.

अण्णासाहेबांनी प्लान्टच्या अंगणात सगळ्यांना गोळा केलं. "पूजेला पाठ फिरवली, अन् आल्या आल्या मशीन जाळलं," ते ओरडले. "हिच्या हाताला यशच न्हाई!" मशीन उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. ते भंगारात गेलं आणि सत्यशीलाला नारळ मिळाला. तातेरावांनी पाठीवरचं पोतं तिथंच टाकलं आणि लेकीच्या मागोमाग ते गेटाबाहेर पडले. त्यानंतर त्या रस्त्याला ते कधी फिरकले नाहीत. लांबचा फेरा घेऊन जायचे.

मशीन जाळणारी पोरगी, असं तिचं नाव पडलं. ती काम मागायला जाई तिथं तिच्या आधी ते नाव पोचलेलं असे. तिनं दातओठ खात औरंगाबाद गाठलं आणि संगणकाची दुरुस्ती शिकली. पोटासाठी शिकली हे खरं, पण त्या दिवशी आत नेमकं काय जळलं हे तिला कळायला हवं होतं. कळल्यावर ते अण्णासाहेबांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

अण्णासाहेबांनी पुढं बरीच वर्षं संगणकाचं नाव काढलं नाही. शेवटी व्यापाऱ्यांनीच गळ घातली, तेव्हा एका उन्हाळ्यात त्यांनी नवा घेतला. मग दसरा आला.

दसरा झाल्यावर प्लान्टचा कारकून शिवाजी टॉवेलात गुंडाळलेला संगणकाचा डबा मोटरसायकलवरून घेऊन दुकानात आला. "ताई, बटन दाबलं तर काहीच न्हाई," तो म्हणाला. "बाकीच्या दुकानदारांनी हात टेकले. मालक तुमच्याकडं नको म्हणले व्हते, पण रब्बीचं बियाणं निघून राह्यलंय. सगळा हिशेब यातच अडकलाय."

सत्यशीलानं डब्याला बोटसुद्धा लावलं नाही. "मालकाला घेऊन ये. त्यांच्यासमोरच उघडीन."

अण्णासाहेब आले. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि हातात टॉर्च दिली. "इथं धरा. हलवू नका."

तिच्या मनात काय नव्हतं? हार्ड डिस्क गेली, आतलं सगळं पुसलं गेलं, असं एक वाक्य बोलली असती तर अण्णासाहेबांचा अख्खा हंगाम मातीत गेला असता. पण तो सूड फक्त तिला एकटीला कळला असता. तसला गुपचूप सूड तिला नको होता.

तिनं आधी वीज पुरवणारा डबा बदलला. पंखाही हलला नाही. मग मेमरी काढली. जिवंत मदरबोर्ड असेल तर मेमरी काढल्यावर टिटी करून बोंब मारतो, हा मुका. एकेक वायर, एकेक कार्ड तिनं उतरवलं. प्रोसेसर काढून आपल्या दुकानातल्या बोर्डावर बसवला, तर तो झकास चालला. म्हणजे मेला होता तो मदरबोर्डच. तिनं स्क्रू सोडले, बोर्ड बाहेर काढला आणि टॉर्चसमोर तिरका धरला.

वरच्या कडेपासून खाली एक पांढरट, चिकट ओघळ आला होता. त्याला आंबूस वास येत होता, आणि त्यात लाल कण अडकले होते.

"हे काय?" तिनं विचारलं.

"कुंकू," शिवाजीच्या तोंडून निघून गेलं.

"अन् हे पाणी. वरच्या जाळीतून आत गेलं. नारळ कुणी फोडला?"

"नवं मशीन, ताई. मालकाच्याच हातचा असतो."

"पहिलं मशीन पण नवंच व्हतं," सत्यशीला म्हणाली.

अण्णासाहेबांनी टॉर्च विझवली. "झालं गेलं ते. नवा बोर्ड टाक, जल्दी."

"इथं न्हाई टाकणार. तुमच्या अंगणात टाकीन. जिथं मला बोलले व्हते, तिथं सगळ्यांसमोर खरं सांगा."

अण्णासाहेब ताडकन उठले. "दुसरीकडं नेतो!"

"न्या. या प्रोसेसरला बसणारा बोर्ड जालन्यात फक्त माझ्याकडं हाय. बाहेरून मागवा, तोवर लोकांची पेरणी उरकंल."

ते दारापर्यंत गेले. शिवाजी जागचा हलला नाही. मग ते परत आले.

अंगणात टेबल मांडलं. बियाणं निवडणाऱ्या बाया काम सोडून भोवती उभ्या राहिल्या. सत्यशीलानं नवा बोर्ड बसवला, प्रोसेसर ठेवला, पंख्याची पकड दाबली, वायरी जोडल्या आणि ते जुनंच बोट बटणावर ठेवलं. बारीकशी शीळ वाजली, पंखा फिरला, पडदा उजळला. तिनं शांतपणे अण्णासाहेबांकडं पाहिलं.

ते पुटपुटले, "त्या वर्षी मशीन माझ्या हातानं जळलं. पोरीची चूक नव्हती."

"मागं ऐकू गेलं न्हाई."

एका तरी बाईनं ऐकू आलं म्हणावं, या आशेनं त्यांनी सगळीकडं पाहिलं. त्या दिवशीही अंगणात हजर असलेल्या म्हाताऱ्या तुळजाबाईनं कानामागं हात धरला. अण्णासाहेबांना तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. सत्यशीलाला इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं.

घरी येऊन तिनं जुना बोर्ड तातेरावांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी नखानं कुंकू खरवडून पाहिलं.

"मोठ्यानं म्हणला का?"

"दोनदा म्हणायला लावलं."

"तुळजाबाई व्हती?"

"पुढंच व्हती."

"अन् त्याची मान?"

"खाली."

तातेरावांनी बोर्ड मांडीवरून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "उद्या मला गाडीवर घेऊन चल. त्या गेटावरूनच ने. अन् तिथं आल्यावर जरा सावकाश चालव."