चारही मजल्यांवरचा विनोद

मोठ्या दुकानात माइकवरून घोषणा करणाऱ्या ताईच्या काळ्या रंगावर मॅनेजर रोज विनोद करायचा. सात वर्षं ती मूग गिळून बसली होती. मेल्याची जिरवायची, एवढं मात्र ठरलेलं होतं. मग स्वयंपाक करताना ती वंशभेदावरचं पॉडकास्ट ऐकू लागली. त्यातल्या बाई म्हणाल्या, "हसू नका, भांडू नका. विनोद समजावून सांगायला लावा."

शनिवारी मॅनेजर तिच्या काचबंद खोलीत आला, जिथे बाहेरचं काही ऐकू येत नसे. "तुम्हा जंगली लोकांना माइक कशाला? नुसती आरोळी ठोका!"

तिने माइकचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. "कळलं नाही, साहेब. नीट समजवा ना."

तो रंगात येऊन तिच्या सगळ्या वंशाचा उद्धार करत राहिला. चारही मजल्यांवरची गिऱ्हाइकं जागच्या जागी थांबली.

त्याचं संपल्यावर ती गोड आवाजात म्हणाली, "ही घोषणा होती आपल्या मॅनेजरसाहेबांची. धन्यवाद."