दादांच्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ

मी विलास परब, बी.कॉम., व्यवसायाने कर सल्लागार, राहणार मालवण तालुका. माझे थोरले बंधू 'पूर्ण बरे झाले' अशी बातमी व्हिडिओसह फिरत आहे, तिचा खुलासा करण्यासाठी हे लिहीत आहे. ते बरे झालेले नाहीत.

दादांना पक्षाघात झाला. हातपाय सावरले, बुद्धी शाबूत आहे... पण समोरच्या वस्तूचे नाव ओठांवर येत नाही.

त्यासाठी दर गुरुवारी फोंडाघाट चढून आम्ही कोल्हापूरला स्पीच थेरपीला जात होतो. तेथील मॅडम चित्र दाखवत, वस्तूचा उपयोग विचारत, आणि थांबत. दादांनी बोट दाखवायचे नाही, आपण शब्द पुरवायचा नाही, ही सक्त ताकीद. असे थांबत थांबत एकदा दादा स्वतःहून "तांब्या" म्हणाले. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

मागच्या सोमवारी ग्रामदेवतेचा वार्षिक उत्सव होता. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे ठरलेल्या शब्दांतले मागणे, घालण्याचा मान आमच्या घराचा, आणि कित्येक वर्षे ते दादाच घालत आले. नारळ हाती येताच ते उभे राहिले आणि "बा देवा म्हाराजा..." पासून शेवटपर्यंत एकदाही अडखळले नाहीत. प्रत्येक वाक्याला सभामंडपातून "व्हय म्हाराजा!" सगळे गहिवरले... मीसुद्धा.

पण मॅडमनी हे आधीच बजावले होते. वर्षानुवर्षे पाठ असलेले बोलणे वेगळ्या वाटेने येते. ते आले म्हणजे पाणी मागता येईल, असे नव्हे. मी तेथेच तसे सांगितले.

शेजारचा बाबल उसळला, "तुका देवापेक्षा ती कोल्हापूरची बाय मोठी? रे, तू आपलो टॅक्स बघ!"

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, देवान वाचा दिल्यान. आता ह्येंका ओकत ओकत घाट चढूक नको."

त्या गुरुवारी आम्ही गेलो नाही.

त्याच संध्याकाळी अभिनंदनाला आलेली मंडळी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसली होती. दादांना तहान लागली. शिकवल्याप्रमाणे त्यांनी बोट दाखवले नाही, तांब्याकडे पाहत शब्द शोधू लागले. ओठ हलले... आणि बाहेर आले, "बा देवा म्हाराजा..."

खळ्यातून एका सुरात उत्तर आले, "व्हय म्हाराजा!" आणि हशा.

दादांनी तोंड मिटले. वहिनींनी पाणी आणून दिले, पण त्यांनी ते घेतले नाही. तेव्हापासून ते प्रयत्नही करत नाहीत... 'तांब्या'सुद्धा गेला.

आज सकाळी वहिनींनीच विचारले, "गुरवारी गाडी कितीक वाजता?" आम्ही जाणार आहोत. पुन्हा पहिल्या चित्रापासून.

तोवर कृपा करून हात जोडल्याची चिन्हे पाठवू नयेत. घरी यावे, दादांसमोर बसावे आणि त्यांना शब्द सापडेपर्यंत गप्प राहावे. एवढे जमले, तरी मी आपला ऋणी राहीन.

विलास परब
मालवण, रविवार