अर्ध्या नखाची फट

उस्तादांच्या गॅरेजात माझं काम बघायचं होतं. पाने मी फिरवायचो, जॅक मी लावायचो, गाडीखालीही मीच झोपायचो. पण त्यांना मी लागायचो तो बघण्यासाठी. साखरेनं त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते. माणूस दारात आला तर आवाजावरून ओळखायचे. गाडी मात्र हातावरून.

नव्वदनंतरची ती वर्षं. साताऱ्यात आणि आसपास जुन्या जपानी गाड्या मोजक्याच होत्या. कुणी आखातातून परत येताना आणलेली, कुणी मुंबईत लिलावात घेतलेली. त्यांचे भाग दुकानात मिळायचे नाहीत. गिअरबॉक्स गेला की भंगारातून दुसरा शोधून बसवायचा. आणि तिथंच फसगत व्हायची, कारण एकाच कंपनीच्या मोटारीचा बॉक्स आणि पिकअपचा बॉक्स बाहेरून अगदी जुळे. तेच धूड, तीच भोकं, तेच बोल्ट. फरक एवढाच की बॉक्समधून पुढं येऊन इंजिनात शिरणारा जो दांडा असतो, तो पिकअपचा किंचित आखूड. या दांड्याचं टोक इंजिनातल्या एका छोट्या बेअरिंगमध्ये पुरतं बसावं लागतं. नाही बसलं तरी गाडी चालते. काही दिवस तर झकास चालते. मग दांडा डगमगायला लागतो आणि आतलं सगळं खाऊन टाकतो.

उस्तादांची ओळखायची रीत त्यांची स्वतःची होती. बॉक्स तोंड वर करून उभा करायचा. तोंडावर लोखंडी पट्टी आडवी ठेवायची. पट्टीला सायकलची एक स्पोक अडकवायची, वरून वाकवलेली आणि मापात कापलेली. तिला ते तार म्हणायचे. तारेचं खालचं टोक दांड्याला टेकलं तर बॉक्स मोटारीचा. फट राहिली तर पिकअपचा. मी वाकून बघायचो, ते विचारायचे, "टेकली?" आणि मी सांगेन त्यावर पुढचं काम. मी बघितल्यावर ते स्वतः बोट लावून कधी तपासायचे नाहीत. मला कमीपणा वाटू नये म्हणून हा त्यांनी पाळलेला नेम होता.

याआधीच्या गॅरेजात मला चहा वेगळ्या ग्लासात मिळायचा. तो ग्लास बाहेर खिडकीत असायचा. उस्तादांनी पहिल्या दिवशी स्वतःची बशी माझ्यापुढं सरकवली. "फुकून पी गड्या, तोंड भाजंल." हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं मी कुणाशी केलं ते कळेल.

वडूजचे एक डॉक्टर होते. त्यांच्या पांढऱ्या जपानी गाडीचा गिअरबॉक्स गेला होता. आसपासच्या गावांत पेशंट बघायला ते तीच गाडी घेऊन फिरायचे. दोन बॉक्स आणून झाले, दोन्हींना फट राहिली, दोन्ही परत गेले. महिना उलटला. डॉक्टरांचा धीर सुटत चालला होता. मग सांगलीच्या एका भंगारवाल्याचा फोन आला की एक बॉक्स आलाय. उस्ताद म्हणाले, "तू एकटाच जा. माजं डोळं तुज्याकडंच हायत."

एसटीनं कराड मागं टाकल्यावर मी खिसा चाचपला. तार नव्हती. गॅरेजातल्या टेबलावर राहिली होती.

उतरून परत फिरायला हवं होतं. नाही फिरलो. परत जाऊन काय सांगणार, की बघायला पाठवलेला माणूस मापच विसरला? सांगलीत त्या गोडाऊनमध्ये मी बॉक्स उभा केला, आत वाकलो, डोळ्यांनी अंदाज घेत राहिलो. पुन्हा वाकलो. भंगारवाला पान चघळत बघत होता.

"काय ओ मेस्त्री, पोरगी बघायला आलाय व्हय? मगाधरनं नुस्तं नाकडोळं बघताय."

त्याची माणसं हसली. "उस्तादानं धाडलंय म्हंजे पारखी असणार. उचला की."

मी उचलला. टेकेल, असं मनाशी म्हणालो. बॉक्स पोत्यात घालून एसटीत चढवला, तेव्हा कंडक्टरनं पायानं पोतं ढकलून विचारलं, "काय हाय यात?"

"गिअरबॉक्स."

"आमच्या बशीला बसतोय का बघा. आमचाबी दुसरा गिअर पडत न्हाई."

सगळी बस हसली. मीही हसलो. पण कराडपासून साताऱ्यापर्यंत मी पोत्यावरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर गॅरेजात येऊन बसलेले. "आज नाही झालं तर मी गाडी ओढून पुण्याला नेणार," ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. उस्ताद म्हणाले, "पट्टी लाव." मी पट्टी लावली. तार अडकवली. खाली वाकलो.

फट होती. अर्ध्या नखाएवढी.

"टेकली?"

डॉक्टर बघत होते. उस्ताद कान देऊन उभे होते. सांगलीला तार नेलीच नव्हती, हे आता सांगावं लागणार होतं.

"टेकली," मी म्हणालो.

इंजिनातलं बेअरिंग बसवायचं काम उस्ताद नेहमी स्वतः करायचे. तेव्हाही त्यांनीच ते बोटानं चाचपून, हलक्या हातानं ठोकून बसवलं. मग आम्ही बॉक्स चढवला. संध्याकाळच्या आत गाडी वडूजला गेली.

गाडी तीन आठवडे चालली. मी रोज सकाळी उठताना तिचाच विचार करायचो. वडूजला जाऊन काहीतरी निमित्तानं बॉक्स उतरवून घ्यावा असं कितीदा मनात आलं. निमित्त सुचायचं, पण प्रत्येक निमित्ताच्या पोटात तीच एक गोष्ट होती आणि ती सांगायला तोंड उघडायचं नाही. मग वर्धनगडच्या घाटात बॉक्स जाम झाला. उतारावर मागची चाकं आवळली गेली आणि गाडी आडवी होऊन कठड्याला घासली. डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर, दोघंही वाचले. एक दार आत गेलं.

ट्रॅक्टरनं ओढून गाडी आणली. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"उस्ताद, तुमच्या हातावर भरवसा ठेवून मी घाटातनं येत होतो," ते म्हणाले. "आता बास करा."

ते गेल्यावर आम्ही बॉक्स उतरवला. उस्तादांनी तो उभा करायला लावला, पट्टी मागितली, तार स्वतःच अडकवली आणि या वेळी, पहिल्यांदाच, खाली हात घालून तारेच्या टोकापाशी अंगठ्याचं नख नेलं.

"फट हाय रं."

हीच ती वेळ होती. दुपारची, लख्ख उजेडाची. गॅरेजात आम्ही दोघंच. मला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.

"न्हाई उस्ताद," मी म्हणालो. "टेकलीया."

त्यांनी पुन्हा नख लावलं. सावकाश, इकडून तिकडं. "टेकलीया?"

"टेकलीया."

त्यांनी तार काढून बाजूला ठेवली. मग उठले, चिंधीला बोटं पुसली. एकेक बोट वेगळं पुसलं, जणू त्यांना काही लागलंय. "मग बेअरिंग मीच खोल ठोकलं आसंल, दांडा पोचलाच न्हाई," ते म्हणाले. "डोळं गेलं तवा म्हनलं, बोटं हायत. आता बोटंबी गेली."

पहिलं खोटं भीतीपोटी होतं, त्याला माणूस माफ करील. दुसरं बोललो तेव्हा त्यांचं नख त्या फटीतच होतं. खरं त्यांच्या बोटाला कळलं होतं आणि मी त्यांना बोटावर विश्वास ठेवू दिला नाही.

महिन्याभरात त्यांनी गॅरेज माझ्यावर टाकलं आणि ते सांगलीला लेकीकडं राहायला गेले. जाताना तार माझ्या हातात दिली. तो आखूड दांडा मी, गाडी ओढून आणली त्याच आठवड्यात, बॉक्ससकट भंगारात देऊन टाकला होता. तो डोळ्यांसमोर नको होता.

वर्षभरानं मी त्यांना भेटायला गेलो. लेक शिवणकाम करायची. उस्ताद खाटेवर बसून मांडीवर बटणांचा डबा घेऊन तिला हवं ते बटण शोधून द्यायचे. दोन भोकांचं, चार भोकांचं, शर्टाचं, बाहीचं. बाहीचं बटण शर्टापेक्षा किती लहान असतं? ते चिमटीत धरल्याबरोबर ओळखायचे. मी तासभर बघत बसलो. त्यांच्या बोटांना काहीएक झालं नव्हतं. तरी त्या खेपेला मी चहा पिऊन उठलो. दुसऱ्या खेपेलाही.

तिसऱ्या खेपेला सांगितलं. विसरलेली तार, भंगारवाल्याचं गोडाऊन, फट, दोन्ही खोटी, सगळं. मान खाली घालून सांगितलं. शिवणयंत्र थांबलं होतं.

उस्तादांनी चाचपत माझा हात शोधला आणि थोपटला.

"आदीपास्नंच भला हाईस तू," ते म्हणाले. "पर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून सोताच्या अंगावर घेऊ नगंस."

"उस्ताद, खरं सांगतोय मी."

"बरं. मग तो दांडा दे माज्या हातात. मीच बघतो."

"भंगारात दिला."

"बघ," ते हसले. "खोटं बोलायला तुला कवा जमलंच न्हाई गड्या."

मी आईची शपथ घेतली. त्यांनी ती मला पुरी करू दिली नाही. माझ्या तोंडावर हात ठेवला, आणि त्या हाताला अजून ग्रीसचा वास होता की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. एकेकाळी माझ्या एका शब्दावर ते बोल्ट आवळायचे. तोच विश्वास आता माझ्या खऱ्याच्या आड आला होता.

यंत्र पुन्हा सुरू झालं. लेकीनं बाहीचं बटण मागितलं. उस्तादांनी डब्यात हात घातला, दोनचार बाजूला सारली, एक काढून तिच्याकडं धरलं.

"तूबी बघून घे गं," ते म्हणाले. "माज्या बोटांचं काय खरं न्हाई."

तिनं बघितलं. बटण बरोबर होतं.