छिन्नीची खूण नसलेलं नाणं

कोल्हापुरात गुजरीच्या मागं एक बोळ होता, आणि त्या बोळात दस्तगीर आटणीवाल्याची भट्टी. गुजरीत सोनार दागिने घडवायचे; जुने मोडायचे ते मात्र दस्तगीरकडं यायचे. वाळे, तोडे, करदोटे, मोडकी निरांजनं, सगळं मुशीत घालून तो वितळवायचा आणि चांदीची लगड करून द्यायचा. भट्टीच्या धगीनं भुवयांचे केस कायमचे जळालेले, त्यामुळं माणूस सदा आश्चर्यात पडल्यासारखा दिसायचा. पण नजर अशी पक्की, की दोन सोनारांची जुंपली म्हणजे तिसरा म्हणायचा, "उगं घसा कशाला फोडताय? दस्तगीरला दाखवा की." दस्तगीरनं चांदी म्हटलं की ती चांदी. ह्या एका शब्दावर त्याचं सगळं आयुष्य उभं होतं.

ह्या माणसाला नाद लागला तो रोमच्या नाण्यांचा.

झालं असं, की बावन्न साली एका करदोट्यात घुंगरांच्या जागी एक नाणं ओवलेलं आलं. जुन्या पावलीएवढं. वर कुण्या परक्या राजाचं डोकं, नाक झिजून गेलेलं. दस्तगीरनं ते मुशीवर धरलं, पण हात काही सुटेना. शेवटी मालकाला म्हणाला, "पावणं, हे काय हाय मला ठावं न्हाय, पर आटवायला जीव धजत न्हाय. ह्याच्या वजनाची नवी चांदी घ्या आन् हे मला द्या." पाहुण्याला काय, आटणीत जाणारी तूटही वाचली, बिनघटीचा सौदा. मग ते नाणं घेऊन दस्तगीर गेला गणपतराव मास्तरांकडं. मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि धडा सोडून बाकीचं सगळं सांगायचे, म्हणून पोरांचे लाडके. त्यांनी भिंगातून बघितलं आणि खुर्चीवरून उठलेच. "दस्तगीरभाई, हे रोमचं! दोन हजार वर्षांपूर्वी गलबतातनं कोकणात उतरलं असणार आणि घाट चढून वर आलं असणार."

"एवढ्या लांबनं? नाकाबिगर?" दस्तगीर म्हणाला.

त्या दिवसापासून मास्तर आणि आटणीवाला यांची जोडी जमली, ती जमलीच.

बावीस वर्षांत दस्तगीरकडं अकरा नाणी जमली, आणि त्यातलं एकही धड नव्हतं. कुणाला गळ्यात घालायला भोक पाडलेलं, कुणाची कड खाल्लेली, एक तर चेपून पुरीसारखं झालेलं. चंदगडच्या एका चहावाल्यानं एक नाणं साखरेच्या डब्याच्या झाकणावर डाग देऊन बसवलं होतं, झाकण उचलायला. ते मिळवायला दस्तगीर एसटीनं तिकडं गेला. भरपावसात बाकड्यावर बसून सहा कप चहा प्याला, तेव्हा कुठं चहावाल्याचं मन विरघळलं. आणि झाकणाला नवी मूठही दस्तगीरनंच बसवून दिली. पुण्याचे एक शौकीन गृहस्थ एकदा ती अकरा नाणी बघून गेले. नाक मुरडून म्हणाले, "अहो, सगळा भंगार माल." दस्तगीर हसला. "साहेब, तुमास्नी बिनडागाचं पायजे. मला कुठंकुठं फिरून आलं, ते पायजे."

त्यातही त्याचा जीव होता छिन्नीच्या खुणांवर. अकरापैकी सहा नाण्यांवर राजाच्या गालावर, मानेवर एकेक चिरा होता. वरून चांदीचा मुलामा आणि आत तांबं, अशी लबाडी तेव्हाही चालायची. म्हणून घेणारा आधी छिन्नी मारून आत बघायचा. गुजरीतही रीत हीच. दस्तगीर त्या चिऱ्यांवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "मास्तर, हा आपल्याच धंद्यातला माणूस हो. हात बघा कसा नेमका पडलाय! राजाच्या थोबाडावर मारताना भ्याला न्हाय."

आणि बारावं नाणं होतं रशिदाचं.

रशिदा म्हणजे दस्तगीरची बायको, आजऱ्याची. ती सोनारांच्या दुकानांतला केर धुऊन त्यातला चांदीचा कण वेचायची. त्या कामात तिचा हात धरणारं गुजरीत कुणी नव्हतं. तिच्या आईनं, हुसेनबीनं, एक नाणं जन्मभर तांदळाच्या मडक्यात ठेवलं होतं. घरात बरकत राहते, असं ती म्हणायची. मरताना तिनं ते रशिदाच्या मुठीत दिलं, रशिदानं नवऱ्याच्या डबीत ठेवलं. काय नाणं होतं ते! राजाचं नाक जागच्या जागी, कपाळावरचा पानांचा मुकुट पान न् पान मोजून घ्यावा असा. भोक नाही, झीज नाही, चिरा नाही.

दस्तगीरला नेमकं तेच डाचायचं. पहिल्याच दिवशी त्यानं काट्यावर टाकलं, तर झिजलेल्या नाण्यांपेक्षाही ते गुंजभर हलकं भरलं. तांबं चांदीपेक्षा हलकं असतं. पण मरणाऱ्या सासूची वस्तू. तिच्यावर छिन्नी कोण धरणार? गप्प बसला. वर्षं गेली.

चौऱ्याहत्तर साली मास्तरांच्या शाळेनं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. मास्तर भट्टीवर आले, हातात पुठ्ठ्याची कार्डं. "सगळ्यांत पुढं हुसेनबींचं नाणं. कार्ड लिहूनच आणलंय. 'रोमन नाणं, शुद्ध चांदी. पारख : दस्तगीर आटणीवाले.'"

दस्तगीरनं कार्ड वाचलं, परत वाचलं. "मास्तर, हे न्हाय मांडता यायचं."

"का?"

"पारख केलीच न्हाय मी त्याची."

मग त्यानं हलक्या वजनाचं सांगितलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग नुसतं 'रोमन नाणं' लिहू!"

"लोक इचारतील चांदीचं का. मी काय सांगू? बावीस वर्सं दुसऱ्याच्या मालावर छिन्नी मारली, आन् घरचं आलं की डोळं झाकलं?"

"दोन हजार वर्षं ते जसंच्या तसं राहिलंय, दस्तगीरभाई! आणि तुम्ही चिरणार?"

"कुणी तपासलं न्हाय म्हणून ऱ्हायलंय."

रशिदा आत केर धूत होती. ती ओल्या हातानंच बाहेर आली. सगळं तिच्या कानावर गेलं होतं.

"म्हंजे माझ्या आम्मानं खोटं नाणं दिलं म्हणताय तुमी?"

"तसं न्हाय गं."

"तसंच की! आन् हे आज सांगताय? इतकी वर्सं मनात ठेवून माझ्या हातचं जेवलासा?"

दस्तगीरची मान खाली गेली. मास्तर कार्डांचा गठ्ठा उगाचच सारखा करत बसले. रशिदानं डबी उघडली आणि नाणं तळहातावर घेतलं.

"खोटं निघालं तर?" तिनं विचारलं.

"तर तसं लिवायचं. डबीतनं काढायचं न्हाय. ही भंगारं तरी मी कुठं टाकली?"

"आन् खरं निघालं तर?"

खरं निघालं तर त्याच्याकडचं एकमेव अव्यंग नाणं त्यानंच बिघडवलेलं असणार, तेही सासूवर संशय घेऊन. त्यानं ऐरण पुसली, नाणं ठेवलं, छिन्नी राजाच्या मानेवर टेकवली आणि हातोडी उचलली. उचलली ती तशीच राहिली. हजारो दागिने फोडलेल्या हातातली छिन्नी दोनदा राजाच्या डोळ्याकडं घसरली.

"सरका," रशिदा म्हणाली. "असल्या हातानं राजाचं डोळं फोडशिला. आई माझी हाय."

तिनं पदर खोचला, छिन्नी हातात घेतली आणि एकच घाव घातला.

मास्तरांनी डोळे मिटले होते. दस्तगीरनं नाणं उचलून उजेडाकडं धरलं. चिऱ्याच्या आत पांढरं होतं. त्यानं भिंग लावलं, परत बघितलं. तळापर्यंत पांढरं, लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

"चांदी," तो म्हणाला. "टाकसाळीत कुणाचा तरी हात हलका पडला असंल. पर चांदी. चुकलं माझं, रशिदा."

"मला काय सांगताय? आम्माला सांगा," ती म्हणाली. पण डोळे पुसताना हसत होती.

मास्तर मात्र चिडले होते. "हसताय काय दोघं? एवढं चांगलं नाणं, आणि मानेवर ही ताजी जखम! लोकांना काय सांगू?"

"जे झालं ते सांगा की," दस्तगीर म्हणाला. "ह्या सहा चिऱ्यांतला एक तरी कुणी मारला, ठावं हाय का तुमास्नी? न्हाय. हा ठावं हाय. लिवा."

मास्तर कुरकुरले. मग त्यांनी कोरं कार्ड घेतलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'रोमन नाणं. शुद्ध चांदी. मूळ ठेव : हुसेनबी, आजरा. मानेवरचा चिरा : रशिदा दस्तगीर, कोल्हापूर, १९७४.'

रशिदाला वाचता येत नव्हतं. तिनं ते मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं, आणि केर धुवायला आत गेली.