डावा पाय

आमच्या बाबांना कार कंपनीच्या चाचणीच्या ट्रॅकवर सगळे 'डावा पाय' म्हणायचे. पेट्रोलवरच्या स्पोर्ट्स कारला उभ्या जागेवरून पळवणं ही त्यांची सव्वीस वर्षांची नोकरी, आणि त्यातली सगळी मेख क्लचमध्ये. पाय झटकन सोडला की चाकं जागच्या जागी फिरतात, नाहीतर इंजिन मान टाकतं. उशीर केला तर गाडी रेंगाळते. मधली ती केसभर जागा बाबांच्या पायाला कळायची. शून्य ते शंभर, चार पूर्णांक चार सेकंद. बाकीचे ड्रायव्हर त्याच गाडीत पाचाच्या आत येताना घामाघूम व्हायचे. घरी मात्र हेच महाशय अंघोळीला उठायला तासभर लावत. आई म्हणायची, "यांना कुणीतरी गिअरमध्ये टाका."

मी त्याच कंपनीत बॅटरीवरच्या गाड्यांच्या विभागात लागले तेव्हा बाबा "घरभेदी!" एवढंच म्हणाले, आणि अख्ख्या ट्रॅकला चहा पाजला.

चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय आला नाही. दिवसभर खिडकीपाशी बसून ते त्या पायाकडे, परका माणूस घरात येऊन बसावा तसे बघत. मला ते बघवेना. त्यांनी पुन्हा एकदा हसावं, एवढंच मला हवं होतं. आणि तिथेच मी माती खाल्ली.

त्या आठवड्यात आमच्या इलेक्ट्रिक गाडीची त्यांच्या पेट्रोल गाडीशी तुलना चालू होती. इलेक्ट्रिकला क्लच नाही. उजवा पाय शाबूत असला की झालं. साहेबांच्या हातापाया पडून मी बाबांना स्टिअरिंगमागे बसवलं. रस्ता नाकासमोर सरळ, शेजारी मी, माझाही एक हात स्टिअरिंगवर.

"काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"ब्रेक सोडायचा आणि दाबायचं. बस."

"बस?"

त्यांनी दाबलं. ना आवाज, ना थरथर. माझं डोकं मागे आपटलं. तीन पूर्णांक एक! सगळे टाळ्या वाजवत धावत आले. "डावा पाय, स्वतःचाच विक्रम मोडलात की!" मीही वेड्यासारखी ओरडत होते. बाबांच्या चेहऱ्याकडे मी सगळ्यात शेवटी पाहिलं.

"ठकू," ते म्हणाले, "यात मी काय केलं गं?"

मी त्यांचा सीटबेल्ट सोडवायला लागले.

"सव्वीस वर्षं," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. माझ्यादेखत ते पहिल्यांदाच रडले. आजाराने त्यांचा पाय नेला होता, पण तो पाय आता कुणाला नकोच आहे हे त्यांना दाखवायला मी हौसेने घेऊन गेले होते. पोटच्या पोरीने.

परतताना माझी जुनी पेट्रोल गाडी होती. सिग्नल सुटला. डोळे भरलेले, माझा पाय सटकला आणि गाडी बंद पडली. मागे हॉर्नवर हॉर्न. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद.

"थांब," बाबा म्हणाले. "क्लच पूर्ण दाब. आता सोड... हळू... हां, इथे. इथेच धर."

मी शेजारी पाहिलं. उजव्या हाताने त्यांनी आपला डावा गुडघा खाली दाबून धरला होता, आणि बोलता बोलता तो तसूतसूने वर उचलत होते. गाडी झटका न देता निघाली.

"जमलं, बाबा."

त्यांचा हात गुडघ्यावरच होता.

"पायाला काहीच कळलं नाही, ठकू," ते म्हणाले.