तात्यांचं गाऱ्हाणं

तात्यांकडे रोप मागायला गेलं की आधी उलटतपासणी व्हायची. मी शिक्षिका म्हणून त्या बंदरगावात नवीनच आले होते. बाजाराला अगदी लागून तात्यांनी वाढवलेली राई होती. आत करवंट्यांत आणि रॉकेलच्या डब्यांत काजू, सुरंगी, बकुळीची रोपं मांडलेली. मी बकुळ मागितली.

"खड्डो मारलंस?"

"नाही अजून."

"मगे ह्यां झाड खंय ठेवतलंस? उशाक?"

मला रागच आला. घरी जाऊन मुकाट्याने खड्डा खणला, तेव्हा कुठे रोप मिळालं.

जागा गावाची, झाडं तात्यांची. त्यांचे मुलगे मुंबईला बोलवायचे, तर तात्या म्हणायचे, "येव कसो? ह्येंका पाणी कोण घालतलो?"

साठ सालानंतर बाजार वाढला आणि गावच्या बाजार कमिटीने राई तोडून दुकानांचे गाळे बांधायचं ठरवलं. तात्या प्रत्येक सभेत उठून सांगायचे, "पलीकडे उघडो कातळ पडलो हा. थंय बांधा." पण कातळ फोडायचा त्रास कुणाला हवा होता? ठराव पास झाला. तात्या दारोदार फिरले, त्यांच्याबरोबर मीही फिरले. चहा सगळीकडे मिळाला, शब्द कुणी दिला नाही.

कामाच्या मुहूर्ताला नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने मागणं मागायचा मान तात्यांच्या घराण्याचा; प्रत्येक मागण्याला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायची रीत. ते नाही म्हणतील म्हणून कमिटीचे अध्यक्ष स्वतः त्यांच्या घरी गेले. तात्या लगेच हो म्हणाले. म्हातारबुवा थकले, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

मुहूर्ताला सारा गाव राईत हात जोडून उभा होता. कोयते, कुऱ्हाडी तयार होत्या. तात्यांचा आवाज चढला.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. तेंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही राई आजपासून तुझी. हिची राखण तूच कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि बाजार पलीकडच्या कातळार उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

अर्धे लोक तिथे अडखळले. डोळे मिटून उभ्या असलेल्या अध्यक्षांचा होकार मात्र खणखणीत शेवटपर्यंत गेला. आता देवाला दिलेली राई परत कोण मागणार? कुऱ्हाडी आल्या तशा घरी गेल्या.

"तात्या, गावाला चांगलं फसवलंत की!" मी संध्याकाळी म्हटलं.

"फसवलंय खंय गो? सगळ्यांसमोर इचारलंय. तेनी व्हय म्हटल्यानी." आणि ते रोपांना पाणी घालायला गेले.

कमिटीने शेवटी कातळ फोडला आणि तिथेच बाजार बांधला. पुढे काही वर्षांनी तात्या गेले. त्या दिवशी कातळावरच्या बाजारात एकही गाळा उघडला नाही.